सिरोंच्याचा धाविक

शाळामास्तराला पक्षी पाहायला वेगळे कुठे जावे लागत नाही. वर्गाची खिडकी उघडी असली म्हणजे झाले. माझी नोकरी चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या खेड्यांतून झाली. तिथे गणिताच्या तासाला मोहावर हळद्या येऊन बसतो, पाढे चालू असताना कोतवाल तारेवरून झेपावून नाकतोडा उचलतो, आणि पडवीच्या आढ्याला पाकोळ्यांनी केलेल्या घरट्यांतली पिसे हजेरीपटावर पडतात. मुलांची नजर तिकडे गेली की मी टेबलावर छडी आपटतो. माझी स्वतःची नजरही मघापासून तिकडेच होती, हे मुलांना पक्के ठाऊक असते.

सांगायची आहे ती गोष्ट अशाच एका तासाची आहे. पंधराएक वर्षे झाली असतील. मी तेव्हा सिरोंचा तालुक्यातल्या एका खेड्यात होतो. महाराष्ट्राचे हे अगदी शेवटचे टोक. प्राणहिता ओलांडली की तेलंगण, इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. मुले घरी तेलुगू बोलतात, काही माडिया बोलतात, आणि शाळेत आली की आमचे मराठी बोलतात. त्या दिवशी वर्गात टिटवीचा विषय निघाला होता. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, टिटवीसारखाच आणखी एक असतो. पण टिटवी नव्हे. तो ओरडत नाही. रात्री झुडपांत पळतो. बाबा जागलीला जातात ना, त्यांना दिसतो." त्याने त्या पक्ष्याचे तेलुगू नावही सांगितले. मी म्हणालो, "करवानक असेल तो. रात्रीच हिंडतो, डोळे मोठे असतात. बस खाली." मुलगा खाली बसला आणि तास पुढे चालू झाला.

करवानक म्हणालो यात तसे काही चुकले नव्हते. करवानक त्या भागात आहेच. चुकले ते एवढेच, की मुलाने सांगितलेले नाव मी लिहून घेतले नाही.

पुढे काही वर्षांनी नागपूरला एका स्नेह्यांच्या कपाटात 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेतला पक्ष्यांचा चौथा खंड माझ्या हाती आला. १८९८ साली छापलेले पुस्तक, कडा पिवळ्या पडलेल्या. माझे इंग्रजी शाळेपुरते. शब्दकोश शेजारी ठेवल्याशिवाय असली पुस्तके मला उघडत नाहीत. टिटवीच्या जवळपासची पाने चाळत होतो. टिटव्यांच्या आसपासच धाविकांचे कुटुंब येते. धाविक म्हणजे माळावर तुरुतुरु पळणारे, लांब पायांचे, मातकट रंगाचे पक्षी. त्यांतल्या एकाच्या वर्णनात मला एक शब्द दिसला आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तो शब्द होता सिरोंचा.

पक्षी होता जेर्डनचा धाविक. ग्रंथकाराने लिहिले होते की गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंचाजवळ आणि भद्राचलमजवळ, हा पक्षी आपल्याला विरळ जंगलात आणि उंच झुडपांत आढळला. ग्रंथकाराचे नाव विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड. हा गृहस्थ पक्ष्यांसाठी सिरोंच्याला आलाच नव्हता. तो आला होता दगड पाहायला.

ब्लॅनफर्डचा जन्म १८३२ सालचा, लंडनचा. खाणविद्येचे शिक्षण घेऊन १८५५ साली तो आणि त्याचा धाकटा भाऊ हेन्री असे दोघेही हिंदुस्थानच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरीला लागले. हेन्री पुढे हवामानाकडे वळला आणि त्या खात्याचा पहिला प्रमुख झाला. विल्यम दगडांतच राहिला. आल्या आल्या दोघा भावांनी ओरिसात तालचेरजवळ मोठमोठ्या गोट्यांचा एक थर पाहिला आणि हे गोटे बर्फाने वाहून आणले असावेत असा तर्क १८५६ साली मांडला. ओरिसाच्या उन्हात उभे राहून बर्फाची गोष्ट सांगणे हे धारिष्टच. पण तो तर्क टिकला. त्याच थराखालच्या खडकावर बर्फाने ओढलेले ओरखडे पुढे त्यांच्याच खात्यातल्या फेडनला सापडले, ते आपल्या चांद्याच्या पश्चिमेला इरई गावाजवळ. हे ओरखडे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे. अशा काळात वावरणाऱ्या माणसाला सकाळी तंबूबाहेर पळून गेलेल्या पाखराची नोंद करावीशी वाटली, याचे मला अजून नवल वाटते.

गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यात तो आला तो १८६७ च्या आगेमागे. त्या वेळच्या सिरोंच्याचे चित्र आज डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. आज जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरांवर असलेला हा तालुका तेव्हा स्वतःच एका जिल्ह्याचे मुख्य ठाणे होता. १८६० साली निजामाकडून डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला. बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. नव्या जिल्ह्यात डेप्युटी कमिशनर होता ग्लासफर्ड. त्याच्या नावाचे ग्लासफर्डपेठा हे खेडे अजून त्या तालुक्यात आहे. गोदावरीतून आगबोटी चालवायच्या आणि नागपूर-वऱ्हाडचा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा, असा एक मोठा बेत तेव्हा चालला होता. नदीत खडकांचे तीन अडसर होते: दुम्मागुडेम, इच्चमपल्ली आणि अहेरीकडचे देवलमरी. ते बांधबंदिस्ती करून ओलांडायचे होते. आगगाडी येऊन पोचली, खर्च हाताबाहेर गेला आणि १८७१ साली तो उद्योग गुंडाळला गेला. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडला गेला. तेव्हापासून तो तालुका टोकाचाच राहिला. १९८२ साली गडचिरोली हा नवा जिल्हा झाला तेव्हाही तो टोकालाच होता.

भूगर्भवाल्यांना मात्र ही जागा फार मोलाची वाटे. एक तर कोळसा. वर्धेच्या खोऱ्यातला थर दक्षिणेकडे कुठवर जातो हे त्यांना पाहायचे होते. त्याच शोधात त्यांच्या खात्यातल्या विल्यम किंगला पुढे निजामाच्या मुलुखात सिंगरेणीचा कोळसा लागला. दुसरे म्हणजे सिरोंच्याच्या वरच्या अंगाला प्राणहितेकाठी कोटा नावाचे गाव आहे, तिथल्या चुनखडीत माशांचे ठसे मिळत. दगडात मासे पाहायला माणसे विलायतेहून येतात, याचे तिथल्या गावकऱ्यांना काय वाटले असेल कोण जाणे. आता त्याच तालुक्यात वडधम येथे दगड झालेल्या झाडांचे नि हाडांचे उद्यान केले आहे आणि शाळांच्या सहली तिथे जातात. मीही नेल्या आहेत.

तर अशा कामासाठी बैलगाड्यांवर तंबू लादून, हातोडा आणि होकायंत्र घेऊन हा माणूस हिंडत होता. बरोबर बंदूकही होती. आपल्याला आज हे खटकते, पण तेव्हा दुर्बिणीतून पाखरू पाहून ते कोणते हे ठरवता येत नसे. हातात घेऊन पिसे मोजावी लागत. मारायचे, सोलायचे, कातडे विषारी साबण लावून टिकवायचे, आणि चिठ्ठीवर गावाचे नाव नि तारीख लिहायची. त्या चिठ्ठीला फार किंमत. चिठ्ठी हरवली की कातडे नुसते कातडे.

त्या पिढीतले बहुतेक सगळे पक्षीवाले असेच पोटापाण्याचे काम करता करता पक्षी पाहणारे होते. ज्याच्या नावाने हा धाविक ओळखला जातो तो जेर्डन मद्रासच्या लष्करातला डॉक्टर होता आणि नेल्लोरला सिव्हिल सर्जन असताना त्याने आसपासचे डोंगर धुंडाळले. धाविक त्याला तिकडेच, नेल्लोर-कडप्याकडे मिळाला. तो कलकत्त्याला एडवर्ड ब्लाइथकडे गेला आणि ब्लाइथने १८४८ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. त्या नावात 'दोन गळपट्ट्यांचा' असा अर्थ आहे. हा ब्लाइथ एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात कमी पगारावर राबणारा माणूस. रानात फारसा गेला नाही, पण अर्ध्या आशियाची पाखरे त्याच्या टेबलावरून गेली. आणि ॲलन ह्यूम. होय, १८८५ साली काँग्रेस स्थापन करण्यात ज्याचा हात होता तोच. मिठावरच्या जकात खात्याचा तो कमिशनर होता. मीठ चोरून नेऊ नये म्हणून शेकडो कोस लांब काटेरी कुंपण राखले जाई, त्याच्या तपासणीला जाता जाता त्याने पक्षी जमवले. ऐंशी हजारांवर नमुने झाले. त्याने जन्मभर लिहिलेल्या टिपणांचे कागद सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीत विकले आणि त्या दुःखाने त्याने तो नादच सोडला. रद्दी घेणाऱ्या वाण्याने त्या कागदांच्या पुड्या बांधल्या असतील. मी उत्तरपत्रिका रद्दीत देतो तेव्हा मला हटकून ही गोष्ट आठवते.

या सगळ्यांच्या नोंदी मी कौतुकाने वाचतो, पण वाचताना मनात एक सल राहतो. ब्लॅनफर्डला त्या झुडपांत नेले कोणी? साहेब दगड पाहत होता. अमुक वेळी अमुक ठिकाणी असे पाखरू उठते हे सांगणारा कोणी तरी गावचा माणूस बरोबर असणारच. वाटाड्या असेल, तंबूवरचा शिपाई असेल, बैलगाडीवाला असेल. ग्लासफर्डचे नाव खेड्याला मिळाले, जेर्डनचे पाखराला मिळाले. त्या माणसाचे नाव कशालाच मिळाले नाही. जेर्डनने आपल्या पुस्तकात पक्ष्यांची तेलुगू नावे दिली, म्हणजे त्याने कोणाला तरी विचारले होते आणि उत्तर लिहून घेतले होते. एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. मी तर तेवढेही केले नाही.

सिरोंच्यानंतर ब्लॅनफर्ड बराच फिरला. अ‍ॅबिसिनियावर इंग्रजांनी स्वारी केली तेव्हा तो फौजेबरोबर गेला आणि तिथलेही दगड आणि प्राणी लिहून आला. इराणात गेला. १८८२ साली नोकरीतून मोकळा झाला आणि मग विलायतेत बसून हिंदुस्थानच्या प्राण्यांची ती मोठी ग्रंथमाला त्याने सुरू केली. सस्तन प्राणी स्वतः लिहिले, पक्ष्यांचे तिसरा आणि चौथा खंडही स्वतः लिहिले. धाविकाची हकिगत लिहिताना त्याला सिरोंचा पाहून तीस वर्षे झाली होती. १९०५ साली तो वारला.

आणि धाविकही त्याच सुमारास नाहीसा झाला. १९०० साली हॉवर्ड कॅम्पबेलला तो अनंतपूरकडे मिळाला, ती शेवटची नोंद. पुढे पंचाऐंशी वर्षे कोणालाही हा पक्षी दिसला नाही. पुस्तकांतून त्याच्या नावापुढे 'बहुधा नामशेष' असे छापून येऊ लागले. सलीम अलींनी शोध घेतला, सापडला नाही.

सापडला तो १९८६ च्या जानेवारीत, कडपा जिल्ह्यातल्या लंकामलाईच्या पायथ्याच्या झुडपांत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरत भूषण तिथे शोध करीत होते. त्यांनी खेडोपाडी चित्रे दाखवली, पाखरे धरणाऱ्या लोकांना विचारले. पंडित दिवसा शोधीत आले होते आणि गावचे लोक म्हणत होते की हा तर रात्रीचा पक्षी! रात्रीच्या वेळी बॅटरीच्या उजेडात एका गावकऱ्यानेच तो पहिल्यांदा पाहिला आणि धरला. पकडलेला पक्षी जगला नाही, पण जात जिवंत आहे हे ठरले. सलीम अली तेव्हा हयात होते. पुढच्याच वर्षी ते गेले. तिकडचे लोक त्याला 'कलिवी कोडी' म्हणतात. कोडी म्हणजे कोंबडी, आणि कलिवी म्हणजे करवंद. करवंदीच्या जाळीतली कोंबडी! जेर्डन, ब्लाइथ, ब्लॅनफर्ड या सगळ्यांनी मिळून जे लिहिले त्यातले निम्मे या दोन शब्दांत आहे. पक्षी कुठे शोधावा हे त्या नावातच सांगितले होते.

पंचाऐंशी वर्षे पक्षी का दिसला नाही, याची कारणे त्यानंतरच्या अभ्यासात कळली. हा पक्षी दिवसभर झुडपाच्या सावलीत निश्चल बसून राहतो. रंग मातीचा, डोळे मोठे, छातीवर दोन तपकिरी पट्टे, उंची वीतभराहून थोडी जास्त. अंधार पडला की वाळवी नि मुंग्या वेचायला निघतो. उडण्यापेक्षा पळणे पसंत करतो. त्याचा आवाज ओळखायलाच २००० नंतरचे वर्ष उजाडले. संध्याकाळी आणि पहाटे काही क्षणच तो बोलतो. पी. जेगनाथन नावाच्या संशोधकाने झुडपांमधून चाळलेल्या मातीच्या पट्ट्या पसरल्या आणि सकाळी त्यांवरची पावले मोजली. आपल्याकडे वाघाचा माग काढतात तसा त्यांनी वीतभर पाखराचा माग काढला. शिवाय आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावले. त्यातून कळले की त्याला दाट रान चालत नाही आणि उघडा माळही चालत नाही. झुडपे असावीत, पण त्यांच्या मधून पळायला मोकळी जमीन असावी. शेळ्या-मेंढ्या थोड्या चराव्यात, कोणी चार काटक्या तोडाव्यात, पण फार नाही. माणसाच्या गरिबीच्या वहिवाटीने जसे रान राहते, नेमके तसे त्याला हवे.

अशा रानाला सरकारी कागदांत चांगले नाव नसते. कडप्यात २००५ साली तेलुगू-गंगा कालव्याची खोदाई या झुडपांतून सुरू झाली. आरडाओरडा झाला तेव्हा कालव्याची वाट बदलावी लागली. आपल्या विदर्भात तर याला महसुली नावच आहे: झुडपी जंगल. नागपूर विभागाच्या सहाही जिल्ह्यांत अशी जमीन पसरलेली आहे. ती वनात धरायची की पडीकात, हा वाद कित्येक वर्षे चालला. गावाला शाळा हवी, दवाखाना हवा, स्मशान हवे, की नजर झुडपी जंगलावर जाते. माझी एक शाळाही अशाच जमिनीवर उभी होती, तेव्हा मी फार बोलू नये. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की झुडपी जंगल हे वनच आहे. १९९६ च्या आधी ज्या जमिनी रीतसर दिल्या गेल्या त्यांना मात्र संरक्षण मिळाले. निकाल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे वाघ आला नाही. दोन गळपट्ट्यांचे पाखरू आले.

कडप्याकडेही पुढे तो पुन्हा दिसेनासा झाला. दीड दशकाहून अधिक काळ खात्रीची नोंद नव्हती. मधल्या काळात एक गंमत झाली. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात या पक्ष्याचे एक अंडे सापडले, जगातले एकुलते एक. कोलारच्या सोन्याच्या खाणींवर जनावरांचा डॉक्टर असलेल्या मीटन नावाच्या माणसाने ते १९१७ साली जमवले होते. म्हणजे पक्षी नामशेष झाला असे लोक म्हणत होते त्या काळात खाणीवरचा हा डॉक्टर त्याचे अंडे कापसात गुंडाळून ठेवीत होता. शंभर वर्षांनी कवचातल्या सुक्या पापुद्र्यावरून त्याची जात पटली. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये आंध्रात काही हौशी पक्षीनिरीक्षकांनी रात्रीच्या वेळी त्याचा आवाज पुन्हा टिपला. ही बातमी मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशासाठी हे त्यांना नीटसे कळले नसावे, पण माझा चेहरा पाहून वाजवल्या.

सिरोंच्याच्या बाजूने मात्र ब्लॅनफर्डनंतर एकही नोंद नाही. महाराष्ट्राच्या पक्ष्यांच्या यादीत हा पक्षी आहे तो केवळ त्या एका दगडवाल्याच्या जुन्या चिठ्ठीच्या आधारावर.

मी निराश माणूस नव्हे. रानपिंगळ्याची कथा मला ठाऊक आहे. हे छोटेसे घुबडही १८८४ नंतर कोणाला दिसले नव्हते. मधे एका बड्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपण ते १९१४ साली मारल्याचा दाखला दिला होता. तो दाखला खोटा निघाला. संग्रहालयातले जुने कातडे चोरून त्याने नवी चिठ्ठी लावली होती. खोटे ठिकाण धरून लोक वर्षानुवर्षे चुकीच्या रानात शोधीत राहिले. चिठ्ठ्यांची खरी-खोटी पारख झाली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आपल्याच खानदेशात, शहाद्याजवळ, सकाळच्या उन्हात फांदीवर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. तिथल्या भिल्ल-पावरा गुराख्यांना तो कधी हरवलाच नव्हता, असे मला वाटते. त्यांना कोणी विचारले नव्हते.

विचारणारा माणूस आपल्याकडे झाला नाही असे मात्र नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करीत होते. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची कचेरीच. कोळी, ढीवर, गोंड, कोरकू जो भेटेल त्याच्याजवळ बसून त्यांनी पाखरांची नावे आणि गोष्टी लिहून घेतल्या. त्यातून 'पक्षी जाय दिगंतरा' आणि 'पक्षिकोश' ही पुस्तके झाली. आपल्या आडनावात तेलुगू आहे म्हणून की काय, ते भाषांच्या सीमेवर सहज वावरत. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १८ जूनला, सोलापुरात ते गेले. त्यांचे पुस्तक चाळताना मला दर पानावर माझी चूक दिसते. आपल्या वर्गात माडिया, गोंडी, तेलुगू अशा तीन-तीन भाषांतली नावे पाठ असलेली चाळीस मुले बसलेली असतात, आणि आपण त्यांना पाठ्यपुस्तकातल्या टिटवीचे चित्र दाखवून विचारतो, "हा कोणता पक्षी?"

ब्लॅनफर्डचे पान वाचल्यापासून त्या मुलाने सांगितलेले नाव आठवण्याचा मी फार प्रयत्न केला. शेवटी 'पिट्टा' होते एवढे आठवते. पण तेलुगूत पिट्टा म्हणजे पाखरू. शेकडो नावांच्या शेवटी ते असते. पुढचा शब्द काही केल्या येत नाही. झोपेत कधी तरी आल्यासारखा वाटतो आणि सकाळी जातो.

गेल्या हिवाळ्यात आलापल्लीच्या बसथांब्यावर एका दाढीवाल्या तरुणाने वाकून नमस्कार केला. तोच मुलगा. आता ट्रॅक्टर चालवतो आणि हंगामात मिरचीतोडणीच्या मजुरांना नदीपलीकडे पोचवतो. चहा घेतला. मी थेट विचारले, "अरे, तू सहावीत असताना एक पक्षी सांगितला होतास. टिटवीसारखा, रात्री झुडपांत पळणारा. त्याला तुझे बाबा काय म्हणत?"

तो थोडा वेळ विचार करीत राहिला, मग हसला. "करवानक ना, गुरुजी? तुम्हीच तर सांगितले होते."

मी म्हणालो, "ते मी सांगितलेले झाले. बाबा काय म्हणत?"

त्याला आठवेना. बाबांना जाऊन सात वर्षे झाली होती. शेताच्या धुऱ्यापलीकडे झुडपे होती तिथे आता कापूस आणि मिरची आहे. नदीकडचा तुकडा मेडिगड्ड्याच्या बंधाऱ्याचे पाणी चढते तेव्हा बुडतो, त्याची भरपाई अजून पुरी आलेली नाही. तो हे सगळे सांगत होता आणि मी मधेच पुन्हा पाखराकडे वळत होतो. याची मला लाज वाटली, पण मी वळत होतो. पलीकडे टेकडीच्या बाजूला अजून झुडपे आहेत का? आहेत, म्हणाला. गावचे लोक शेळ्या तिकडेच नेतात. करवंदी आहेत? आहेत, पुष्कळ.

बस आली तेव्हा तो म्हणाला, "आईला विचारतो. ती बाबांबरोबर जागलीला जायची. तिला पाखरांची नावे येतात, पण फोनवर सांगणार नाही ती, लाजते. मिरची उरकली की या. माघात या."

मी माघात जाणार आहे. बॅटरी घेतली आहे, आणि आंध्रात टिपलेल्या त्या आवाजासारखा काही आवाज कानी पडला तर ओळखता यावा म्हणून माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्याचे ध्वनिमुद्रण माझ्या फोनवर घालून दिले आहे. तो आवाज अंधारात तिथे वाजवायचा नाही, पाखरू बिचकते, असे त्याने मला बजावले आहे. पण पहिल्या संध्याकाळी मी रानात जाणार नाही. त्या माउलीच्या ओट्यावर बसणार आहे, वही घेऊन.